डाव्या डोळ्याचा उरलेला नंबर

चष्म्याशिवाय मला समोरचा माणूस ओळखू येत नाही, म्हणून मी सगळ्यांनाच ओळख दाखवते. हा माझा लहानपणापासूनचा बंदोबस्त आहे. उणे सहा नंबरच्या बाईने एक तर लोकांकडून शिष्ट म्हणवून घ्यावं, नाहीतर दिसेल त्या आकृतीला हात करावा. मी हात करत आले. त्यापायी वाशीत साडीच्या दुकानाबाहेरच्या पुतळीला नमस्कार घातला आहे, आणि पार्किंगमध्ये कव्हर घातलेल्या स्कूटरला "कधी आलात?" असंही विचारलं आहे.

समोरच्या बिल्डिंगमधलं प्रकरण सुरू झालं तेही असंच.

आम्ही सानपाड्याला राहायला आलो तेव्हा लेक तिसरीत होती. सकाळी उठलं की चष्मा न लावताच तोंडात ब्रश घालून बाल्कनीत उभं राहायची माझी सवय. समोर, आमच्याच मजल्यावरच्या बाल्कनीत, एक फिकट पिवळा डाग उभा असायचा. बाई असावी. डागातून एक हात वर जायचा. मीही हात करायची. मग दोघींचे हात खाली, आणि दोघी आपापल्या कामाला. इतकी सुखाची शेजारीण मला आयुष्यात मिळाली नाही. कधी साखर मागितली नाही, कधी पाण्याच्या टँकरचा विषय काढला नाही.

चष्मा लावून तिकडे नीट पाहिलं ते कितीतरी वर्षांनी, बाल्कनीतला बांबूचा पडदा बदलताना. समोर कबुतरांची जाळी होती, ठिकठिकाणी फाटलेली. आत सरकती काच बंद, तिच्यावर बिल्डरने चिकटवलेला कागद अजून तसाच. एका कुंडीत वाळकी काडी. खाली गेटपाशी म्हावरं घेऊन बसणारी मावशी त्या बिल्डिंगमध्ये दारोदार जाते, म्हणून तिला विचारलं.

"त्या घरान? कोन नाय हाय गो बाय," ती पापलेट साफ करता करता म्हणाली. "पयल्यापासून बंदच हाय. कदी म्हावरा दिला नाय तिथं."

दुसऱ्या सकाळी पुन्हा चष्मा न लावता गेले. डाग होता. हात वर गेला. मी काय करणार? मीही केला. कुणी हात केल्यावर तोंड फिरवायचं मला शिकवलेलंच नाही. घरात बोलले नाही. माझ्या नजरेबद्दल तिथे आधीच फारसा आदर नव्हता.

हल्ली दोनेक वर्षांत मात्र एक फरक पडला होता. माझा हात खाली आला तरी समोरचा बराच वेळ वर राहायचा. मला वाटलं, वय झालं असेल, खांदा आखडत असेल. माझाही आखडतो.

लेझरचं निघालं ते नवऱ्यामुळे. माझ्या नाही, दुसऱ्या कुणाच्या तरी. वाशीच्या मार्केटमध्ये आंब्यांच्या गर्दीत माझा चष्मा पडला आणि कुणाच्या तरी चपलेखाली गेला. मी शेजारच्या निळ्या शर्टाचं कोपर धरलं आणि चालता चालता सासूबाईंच्या हट्टीपणाबद्दल मनातलं सगळं सांगून टाकलं. बरंच अंतर गेल्यावर शर्ट नम्रपणे म्हणाला, "बहनजी, मेरी गाडी उस तरफ है."

"त्याने तुला परत कसं काय केलं?" नवरा घरी येऊन म्हणाला. "आणि आईबद्दल नक्की काय सांगितलंस?"

तर डॉक्टर. माझ्या लेकीच्या वयाची मुलगी. डोळ्याची पुढची काच म्हणजे कॉर्निया, ती घासून नंबर घालवायचा, आणि त्याचे तीन प्रकार. माझ्या डोक्यात सगळं स्वयंपाकघराच्या दारानेच शिरतं. पहिल्या प्रकारात वरचा पापुद्रा झाकणासारखा उघडायचा, आत लेझर मारायचा, झाकण लावून टाकायचं. दुसऱ्यात झाकण नाही. आतल्या आत एक पातळ चकती सुटी करायची आणि बारीकशा चिरेतून ओढून काढायची, करंजी न फोडता कडेने सारण काढल्यासारखी. तिसऱ्यात वरची त्वचाच खरवडायची. ती पुन्हा आपोआप येते, पण तोवर काही दिवस डोळ्यांत मिरची घातल्यासारखं होतं. माझे डोळे कोरडे आणि कॉर्निया जरा पातळ, म्हणून झाकण डॉक्टरने बाद केलं. खरवडणं मी बाद केलं, धैर्याच्या अभावी. राहिली करंजी.

"पण मॅडम, खरा निर्णय पुढेच आहे," ती म्हणाली. "दोन्ही डोळ्यांचा पूर्ण नंबर काढला, तर या वयात वाचायला चष्मा लागेल. नाहीतर उजवा पूर्ण करू आणि डाव्यात दीडेक नंबर ठेवू. दूरचं उजव्याने, जवळचं डाव्याने. मेंदूला सवय होते."

"म्हणजे डाव्याने दूरचं अंधूकच दिसणार?"

"थोडंसं."

"म्हणजे किती?"

तिने जरा विचार केला. "समजा, समोरच्या बिल्डिंगमध्ये कोणी उभं असेल. माणूस आहे हे कळेल, चेहरा नाही कळणार."

मला एकदम एसी जास्त वाटायला लागला. विचार करून सांगते म्हटलं आणि बाहेर आले.

दिवाळीला लेक बंगळुरूहून आली. तिलाही नंबर माझाच लागला होता. दोन वर्षांपूर्वी नोकरीला जाण्याआधी तिने दोन्ही डोळे करून घेतले. बाल्कनीत चहा पिता पिता ती म्हणाली, "आई, दोन्ही कर. अर्धवट काय ठेवायचं?" मग समोर बघत सहज विचारलं, "ते समोरचे सोडून गेले का गं?"

"कोण समोरचे?"

"हात करायचे ते. शाळेत असल्यापासून ब्रश करता करता मी रोज करायचे. ऑपरेशन झालं आणि बघते तर नुसती जाळी. म्हटलं, फ्लॅट विकला असेल. बाय करायचंही राहून गेलं."

आम्ही मायलेकी एकाच बाल्कनीत, वेगवेगळ्या वेळी, वर्षानुवर्षं. त्याबद्दल एकमेकींशी एका शब्दाने बोललो नव्हतो.

ती परत गेल्यावर नवऱ्याला सगळं सांगितलं. त्याचे डोळे ठणठणीत आणि स्वभाव इंजिनिअरचा.

"काचेत तुझंच प्रतिबिंब पडतं," तो म्हणाला. "तू हात करतेस, ती हात करते."

"काचेवर कागद आहे. आणि आधी हात तिचा वर जातो."

"उणे सहाला आधी काय नि मागून काय! दोन्ही डोळे करून टाक, म्हणजे विषयच मिटला."

मिटला असता, हे खरं. दोन्ही डोळे लख्ख झाले की मला जाळी दिसली असती आणि कबुतरं. पण तिकडून रोज हात वर होत राहिला आणि इकडून कुणीच उत्तर दिलं नाही, तर ते काय करेल? तिथेच थांबेल की विचारायला येईल? हे काही मला डॉक्टरला विचारता येईना. मी फोन करून एवढंच कळवलं, "डावा ठेवा थोडा."

"वाचनासाठी छान," ती म्हणाली.

मी म्हटलं, "हो, वाचनासाठीच."

ऑपरेशनच्या टेबलावर थेंब घालून डोळे बधिर केले, पापण्या ताणून धरल्या. "हिरव्या दिव्याकडे बघा, हलू नका." मग वरून काहीतरी टेकलं आणि दिवा विरघळला. सगळं दुधासारखं झालं. त्या दुधात, अगदी मधोमध, काहीतरी फिकट पिवळं वर गेलं. चादरीखालून माझा उजवा हात आपसूक निघाला.

"मॅडम! हात खाली!"

"सॉरी," मी म्हटलं. हात खाली घेतला. दुधातलं मात्र वरच होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी डोळ्यांना पाणी लावायचं नाही, चोळायचं नाही, एवढं घोकत बाल्कनीत गेले. दोन्ही डोळ्यांनी पाहिलं. जाळीचा एकेक दोरा मोजता येईल इतकं स्पष्ट. वाळकी काडी, कागद, कबुतरं. माणूस नाही. मग उजवा पंजा वाटीसारखा करून, डोळ्याला लागणार नाही असा, उजव्या डोळ्यासमोर धरला.

ती होती. डॉक्टरने नंबर कमी केला होता, त्यामुळे आता तो नुसता डाग नव्हता. खांदे होते, मान होती, पदर होता. चेहरा नव्हता. आणि हात वर होता.

माझा उजवा हात डोळ्यावर, डाव्यात ब्रश; मी अजून हात केलाच नव्हता. नवऱ्याचं प्रतिबिंब तिथेच निकालात निघालं.

ब्रश दातांत धरला आणि डावा हात केला. मग खाली घेतला. समोरचा खाली आला नाही. तसाच राहिला, हल्ली राहतो तसा. आता मला दिसत होतं, तो हात आखडलेला नव्हता. ती माझ्याकडे बघत नव्हतीच. मान जराशी वळलेली होती, माझ्या शेजारच्या रिकाम्या जागेकडे, जिथे लेक स्टुलावर चढून ब्रश करायची.

आतून नवऱ्याने विचारलं, "काय गं, दिसतंय का नीट?"

"दिसतंय," मी ब्रशमधून म्हटलं.

मग एक पाऊल बाजूला सरकले आणि लेकीच्या वतीने पुन्हा एकदा हात केला. तेव्हा कुठे समोरचा हात खाली आला.