एका सेकंदातलं ‘बा’

तुंगाबाईंनी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये एकोणतीस वर्षं काढली. कानाला हेडफोन, समोर भोकाभोकांचा बोर्ड, हातात प्लग. पलीकडच्यानं रिसीव्हर ठेवल्याचा खट्ट आवाज आला की मगच त्या प्लग उपटायच्या. “माणूस बोलत असताना मी लाइन तोडली नाही कधी,” हे त्यांचं मल्लेश्वरमच्या सतराव्या क्रॉसवर, म्हणजे घरच्या गल्लीत, भाजीवाल्यालासुद्धा सांगून झालं होतं.

एकदाच तोडली. ती गोष्ट त्या कुणाला सांगत नसत.

घरात दोघीच. तुंगाबाई आणि मुलगी रूपश्री. नवरा रूपश्री सातवीत असतानाच गेला. चार पिढ्या बंगळुरात काढलेलं मराठी घर, त्यामुळे बोलण्यात निम्मं कानडी. निघणाऱ्याला कानडीत ‘होगि बा’ म्हणतात, म्हणजे जाऊन ये. शेजारच्या अक्कांनी ते रूपश्रीला लहानपणीच शिकवलं, आणि झिजत झिजत घरात त्यातलं नुसतं ‘बा’ उरलं, म्हणजे ये. मुलगी उंबऱ्यावर म्हणणार, “येते आई.” आई आतून म्हणणार, “बा.” शाळा, कॉलेज, मग नोकरी. वीस वर्षांत एक दिवस चुकला नाही.

नोकरी चित्रं काढायची. के. आर. पुरमच्या बाजूला, एका बेकरीच्या वरच्या मजल्यावर सात-आठ पोरं मिळून अमेरिकेतल्या कुठल्याशा कंपनीसाठी कम्प्युटरवरचा खेळ बनवत होती. त्या खेळातली लढाऊ यंत्रं रूपश्री काढायची. निम्मं लोखंड, निम्मं मांस. फासळ्या पोलादाच्या, मधे धडधडणारं काळीज.

“यंत्राला कसला गं जीव?” तुंगाबाई विचारायच्या.

“नुसता जीव आहे असं नाही, त्यांना कळतंसुद्धा. म्हणून तर भीती वाटते त्यांची.”

“आमच्या बोर्डाला काही कळलं नाही एकोणतीस वर्षांत.”

“तुझं काय काय ऐकलंय त्यानं. कळलं असणार, बोलला नाही इतकंच.”

अठ्ठ्याण्णवच्या त्या सोमवारी रूपश्रीनं नाश्त्याच्या ताटलीशेजारी एक मोठा कागद उलगडला. हत्तीएवढं धूड. पोट उघडं, त्यातून लहान लहान यंत्रं बाहेर पडताहेत. धुडाच्या कानांवर हेडफोन. डोक्यातून शंभरएक वायरी निघालेल्या, आणि प्रत्येक वायर एकेका पिल्लाच्या पाठीत खोचलेली.

तुंगाबाईंनी उप्पिट बाजूला सारलं. “ही मी?”

“ओळखलंस!” रूपश्री हसली. “आई, ऐक ना, मला तुला विचारायचंय...”

“मला राक्षस केलंस. एवढी वर्षं लोकांना जोडून देत बसले, आणि तू मला राक्षस केलंस.”

“अगं, राक्षस नाही. स्वल्प ऐक तरी.”

“ऑफिसात दाखवलंस हे? हसले असतील.”

रूपश्रीनं घड्याळाकडे बघितलं आणि कागद गुंडाळला. संध्याकाळी समजूत काढू, असं तिच्या तोंडावर लिहिलेलं होतं. मोपेडची किल्ली उचलून उंबऱ्यावर ती म्हणाली, “येते आई.”

तुंगाबाई म्हणाल्या, “जा.”

दुपारी पावणेबाराला घरचा फोन वाजला. रूपश्री ऑफिसातून काही कामाला बाहेर पडली होती, आणि ओल्ड मद्रास रोडवर एक लॉरी वळत होती. पुढचं सांगणाऱ्याला नीट सांगता येत नव्हतं, आणि तुंगाबाई सवयीनं त्याला म्हणत होत्या, “हॅलो, स्वल्प जोरात बोला, लाइन खराब आहे.” लाइन खराब नव्हती.

तेव्हापासून कुणी निघालं की त्या नुसती मान हलवायच्या. भेटायला आलेल्या बायका “येतो हं” म्हणून दारात थांबायच्या, उत्तराची वाट बघायच्या, आणि उत्तर न घेताच जायच्या.

त्यानंतर अकराव्या महिन्यात तनय आला. रूपश्रीच्या ऑफिसातला, पुण्याचा. खुर्चीच्या कडेवर बसला, चहा गार होऊ दिला, मग बॅगेतून तो कागद काढला.

“काकू, हा तिच्या ड्रॉवरमध्ये होता. या आईयंत्राचं बाकी सगळं झालंय. आवाज राहिलाय. कोपऱ्यात बघा, तिनं लिहिलंय.”

तुंगाबाईंनी चष्मा लावला. पेन्सिलीनं, तिरकं, घाईत: ‘आवाज आईचा. तिला विचारायचं.’

त्यांनी ते दोनदा वाचलं. मग चष्मा काढून पदरानं पुसत राहिल्या. पुसण्यासारखं त्यावर काही नव्हतं.

“विचारायला घेतलं होतं तिनं,” त्या म्हणाल्या. “मी विचारू दिलं नाही.”

दुसऱ्या दिवशी त्या बेकरीवरच्या ऑफिसात गेल्या. मागच्या खोलीत भिंतींना रजया ठोकलेल्या, मधोमध माईक. तनयनं हेडफोन पुढे केला. तो त्यांनी त्याच्याकडे न बघताच कानांवर चढवला, माईक दोन बोटं जवळ ओढला आणि पाठ ताठ केली.

“काकू, तुम्ही तर प्रोफेशनल.”

“काय म्हणायचंय ते सांग.”

“पोटातून पिल्लू बाहेर पडतं ना, त्या क्षणी ती काहीतरी म्हणते. शब्द कुठलाही चालेल, तिकडे कुणाला कळणार नाही. फक्त एका सेकंदाच्या आत. मेमरीच नाहीये जास्त.”

“पिल्लं जातात कुठे?”

“लढायला.”

“मग परत येतात?”

तनयनं वायर उगाच सरळ केली. “नाही काकू. खेळणारा त्यांना मारतो.”

“सगळी?”

“सगळी.”

“आणि हिला ते ठाऊक असतं?”

“हो. तीच तर रूपश्रीची आयडिया होती. तिला माहीत असतं आणि तरी पाठवावं लागतं.” मग तो म्हणाला, “तुम्ही नुसतं ‘जा’ म्हणा ना. छोटं आहे. बसेल.”

तुंगाबाईंनी हेडफोन एका कानावरून मागे सरकवला.

“ते नको. ते म्हणून झालंय माझं.”

त्यांनी डोळे मिटले. खोलीत रजयांमुळे कसलाच आवाज नव्हता, जसा समोरच्यानं तोंड उघडण्यापूर्वी लाइनवर नसायचा.

“बा,” त्या म्हणाल्या.

“परफेक्ट. अजून एकदा?”

“बा.”

अकरा वेळा म्हटलं. सहाव्या वेळी आवाज चिरकला. ते रेकॉर्डिंग वाया गेलं असं त्यांना वाटलं. तनय म्हणाला, तेच घेतो. जिना उतरताना त्यांनी कठडा धरला नाही. बेकरीतून खारी घेतली, पाव किलो, रूपश्री आणायची तेवढी. घरी येऊन एकटीनं खाल्ली.

म्हणजे आता ते ‘बा’ पोचणार होतं. खेळ हजारो घरांत जाणार, एकेका घरात ते धूड दिवसभर पिल्लं पाठवणार, आणि एकही पिल्लू ‘बा’ ऐकल्याशिवाय बाहेर पडणार नाही. तुंगाबाईंनी मनात हिशेब असा मांडला होता. तो कुणाला सांगण्यासारखा नव्हता.

तीन आठवड्यांनी, रविवारी, भर दुपारी तनय पुन्हा आला. या वेळी बसलाच नाही.

“काकू, क्लायंटचा मेल आलाय. तो आवाज... त्यांनी काढायला सांगितलाय.”

“का?”

“त्यांनी विचारलंय, एवढं मोठं लढाऊ यंत्र मेंढीसारखं का ओरडतं?”

“मेंढी?”

“त्यांच्या इंग्रजीत मेंढी ‘बा’ करते. मी आवाज खाली आणून बघितला, घरघर मिसळली. मग म्हणाले, आजारी मेंढी.”

तुंगाबाईंना हसू फुटलं. खूप दिवसांनी, पोटातून. “मेंढी,” त्या म्हणाल्या, “रूपा लोळली असती बघ जमिनीवर.” तनयही हसला, आणि मग दोघांचं हसू एकदमच संपलं.

“आता पिल्लू निघताना ती काय म्हणते?”

“सिंहाची डरकाळी आणि ट्रेनचा ब्रेक मिक्स केलाय.”

“म्हणजे काही म्हणत नाही.”

“नाही काकू.”

“सरी, बरं,” तुंगाबाई म्हणाल्या.

त्यानं खिशातून कॅसेट काढून टेबलावर ठेवली. अकराच्या अकरा ‘बा’ होते तिच्यात. त्या त्याच्यामागे फाटकापर्यंत गेल्या. त्यानं हेल्मेट चढवलं, गाडीला किक मारली आणि इंजिनाच्या आवाजावरून ओरडून म्हणाला, “येतो काकू.”

मान हलवून भागलं असतं. पण दुपारची वेळ, रस्त्यावर लॉऱ्या, आणि पोरगं आत्ताच हिरमुसलं होतं. तोंडातून निघून गेलं, “हळू जा.”

गाडी गेली. शब्द तिथेच राहिला.

तुंगाबाई फाटक उघडून बाहेर आल्या. “बा,” त्या म्हणाल्या. मग जोरात, “बा! तनय, बा!” अनवाणी पायांनी क्रॉसच्या टोकापर्यंत गेल्या. रस्ता तापलेला होता. टायरच्या दुकानातला म्हातारा उठून उभा राहिला. “काय झालं अम्मा? कोण गेलं?” तनय केव्हाच मार्गोसा रोडच्या गर्दीत मिसळला होता.

त्या घरी येऊन फोनजवळ बसल्या. ऑफिसचा नंबर पाठ होता, आणि रविवार असला तरी तनय तिकडेच जाणार होता. पंधरा मिनिटांनी लावला, वाजत राहिला. पंचविसाव्या मिनिटाला लावला. मग दर पाच मिनिटांनी. पायांचे तळवे जळत होते, त्यांवर पाणी घालायला उठल्या नाहीत.

एक तास दहा मिनिटांनी कुणीतरी उचलला.

“हॅलो?”

“तनय?”

“हो काकू. आत्ताच आलो, वाटेत जेवलो. काय झालं?”

“पोचलास?”

“पोचलो ना. काही राहिलं का माझं तिकडे?”

“नाही. पोचलास ना, मग झालं.”

“बरं काकू. ठेवू?”

“ठेव.”

पलीकडे खट्ट झालं. तुंगाबाईंनी रिसीव्हर ठेवला नाही. डायल टोन कानात गुणगुणत होता, आणि त्याच्या पलीकडे कुणी नव्हतं. तो त्यांनी बराच वेळ ऐकला. मग माईक जवळ घ्यावा तसा रिसीव्हर ओठांशी आणला आणि ‘बा’ म्हणाल्या. एक सेकंदसुद्धा लागला नाही.