वरची माती

खोदकाम चालू असलेल्या प्लॉटवरून मामा सरळ पुढे गेलेत, असं मी कधी पाहिलं नाही. शहरातल्या आमच्या उस्मानपुऱ्यात तेव्हा जुने बंगले पाडून अपार्टमेंट उभी राहत होती. जेसीबी दिसला की मामा स्कूटर स्टँडला लावायचे आणि खड्ड्याच्या काठावर जाऊन हात वर करायचे. "थांब रे! वरची काळी माती अलग काढ. मुरमात घालू नको."

ड्रायव्हर हसायचे. एकजण म्हणाला, "मिट्टीच तो है चाचा, सोना थोडीच है!" मामा रागावले नाहीत. "सोनं गाडलं तर परत उकरता येतं बाबा. ही गाडली की मेली," म्हणाले, आणि ट्रॅक्टर बोलावून ती माती शहराबाहेरच्या आपल्या शेतावर घेऊन गेले.

त्या शेताचा एक कोपरा त्यांच्या थोरल्या भावानं खडीसाठी खणायला दिला होता. खदान बंद पडली, खड्डा उरला. निवृत्तीनंतर मामा तोच भरत होते. खाली दगड, त्यावर मुरूम, सगळ्यात वर शहरातून आणलेली काळी माती. पसरायची बाकी असलेल्या मातीचे ढीग ते कमरेच्या वर जाऊ देत नसत. "उंच ढिगात आतली माती गुदमरती," म्हणायचे आणि मातीत जीव राहावा म्हणून त्यावर लगेच ताग पेरायचे. ती दुष्काळाची वर्षं. पेरलेलं उगवत नव्हतं. लोकांना प्यायला पाणी नव्हतं, म्हणून मामांनी शेतासाठी टँकर कधी सांगितला नाही. नुसते पेरत राहिले.

माझी आई, म्हणजे त्यांची धाकटी बहीण, चिडायची. "दादा, या वयात हे काय लावलंय?"

"निस्तरतोय," एवढंच म्हणायचे.

काय निस्तरताहेत, ते मला एका दुपारी कळलं. गल्लीत टँकरची वाट बघत आम्ही दोघं हंड्यांजवळ बसलो होतो.

मामा विदर्भातल्या एका उघड्या कोळसा खाणीवर सुपरवायझर होते. तिथं शेताची वरची माती आधी सोलून वेगळी ठेवायची, कोळसा संपल्यावर खड्डा दगडांनी भरायचा आणि ती माती पुन्हा वर पसरायची, असा नियम. जमिनी देणाऱ्यांना तसं सांगितलेलं. त्यांच्यात पार्वताबाई नावाची एक विधवा होती. मोजणीच्या दिवशी तिनं मामांना विचारलं, "माही माती जपसान ना जी?"

"जपतो बाई. मी बी शेतकऱ्याचाच पोरगा हाय," मामा म्हणाले होते.

पुढे पावसाळा तोंडावर आला. वरून कोळशाची घाई, डंपर अपुरे. मामांनीच हुकूम दिला, माती, दगड, सगळं एकाच जागी टाका. पार्वताबाईचं काळंभोर रान दगडांच्या डोंगराखाली गेलं.

"मग ती रस्त्यात भेटली," मामा माझ्याकडे न बघता सांगत होते. "'साहेब, माही माती कुठी ठेवली?' म्हणाली. मला खरं बोलवंना. समोर मुरमाचा एक ढीग होता, त्याच्याकडं बोट केलं. तवापासून दर पोळ्याला ती त्या ढिगाला हळदकुंकू वाहायची. मी हापिसाच्या खिडकीतून बघायचो. शेवटी बदली मागितली. पळालो म्हण ना."

"मग जाऊन सांगून टाका," मी म्हणाले.

"व्हय, जायचंय," म्हणाले. पण गेले नाहीत. पुढल्या वर्षी गुडघे दुखले, त्याच्या पुढल्या वर्षी आणखी काही. मग एका साली पाऊस बरा झाला. भरलेल्या खड्ड्यावर ताग छातीला लागला. तो बघून मामा म्हणाले, "गाडी काढ. आता सांगतो तिला."

खाणीनं उठवलेलं गाव नव्या जागी वसलं होतं. पार्वताबाईच्या मुलानं मामांना दारातच ओळखलं आणि वाकून पाया पडला. बाई आदल्या वर्षी गेल्या होत्या.

"माय म्हणे, माही राख माह्या मातीवर टाका," तो सांगू लागला. "त्या ढिगावरच टाकली सायेब. तुमच्यापायी तिची माती राह्यली."

मामांनी तोंड उघडलं. मला वाटलं, आता सांगतील. त्यांनी पाणी मागितलं.

मुलगा आम्हाला ढिगावर घेऊन गेला. वेड्या बाभळी माजल्या होत्या, मधूनमधून तांबडा मुरूम दिसत होता. मामांनी चपला काढल्या आणि गुडघ्यांवर हात टेकत खाली वाकले. मुलानं त्यांच्या हातात नारळ दिला. तो त्यांनी घेतला.

परतीच्या वाटेवर गाव मागे पडलं. मग मामा एकदम म्हणाले, "गाडी फिरव." मी वेग कमी केला. "नको," म्हणाले. "माझं वझं उतरंल, पण त्या पोराच्या डोक्यावर बसंल." मांडीवरचा नारळ त्यांनी दोन्ही हातांनी धरला होता. "खरं सांगाया गेलो, अन् मान घेऊन आलो बघ."

त्या हिवाळ्यात मामा गेले. मी पार्वताबाईच्या मुलाला फोन केला. तो रडला. मग म्हणाला, "ताई, सायेबाचा एक फोटो पाठवा. मायच्या फोटोजवळ लावतो."

फोटो काढून ठेवलाय. त्यात मामा हसताहेत. अजून पाठवलेला नाही.