रविवारची गाडी

चिखलीला रेल्वे येणार, येणार, हे माझ्या आजोबांपासून चालू आहे. अजून यायचीच आहे. पण चिखलीजवळच्या आमच्या मुलींच्या निवासी शाळेत दर रविवारी सकाळी गाडी लागायची, तीही वेळेवर.

शनिवारी मैदान झाडायचं, संध्याकाळी मॅडमच्या फोनवरून घरी बोलायचं, आणि रविवारी अंघोळीआधी व्हरांड्याच्या पायऱ्यांवर एकीमागे एक बसून पुढचीच्या डोक्यातल्या उवा काढायच्या. हीच आमची गाडी. सगळ्यांत पुढची ती इंजिन, तिला काही काम नाही. शेवटची ती गार्ड. तिच्यामागे कोणीच नाही, म्हणून तिचं डोकं रामभरोसे. गार्ड नेहमी मीच. सातवीत होते, तोंड फटकळ होतं, आणि सगळ्यांवर ओरडायला मागचीच जागा बरी पडते.

त्या वर्षी पाचवीत पिंपळगाव राजा गावची एक नवी पोरगी आली. दिसायला चिमणी, पण हट्ट म्हशीचा. निघायच्या दिवशी आईनं तिच्या दोन वेण्या घातल्या होत्या, लाल रिबिनी बांधून. त्या ती सोडेचना. रविवार येत होते, जात होते. वेण्यांचे पार खराटे झाले. झोपतानाही बाई दोन्ही मुठींत वेण्या धरून झोपायची.

"काऊन सोडत नाहीस वं?" मी विचारलं.

"आईनं घातल्या. सोडल्या तं गेल्या."

"अन् उवा? त्याही आईनंच घातल्या का?"

त्यावर तिनं माझ्याशी कट्टी केली.

शेवटी मॅडमनी सांगून टाकलं, या रविवारी वेण्या सुटल्या नाहीत तर कात्री लागेल. मॅडम बोलायच्या तसं करायच्या. आमच्या वर्गातली एक त्यांच्या कात्रीखालून निघाली, तर तिच्या आजीनं तिला ओळखलंच नव्हतं. शनिवारी फोनवर पोरगी आईला एवढंच म्हणाली, "उद्या ये. सकाळीच ये." आई हो म्हणाली. पण खामगावला गाडी बदलून यायचं, आणि एसटीचा काय भरवसा!

रविवारी गाडी लागली. पोरगी फाटकाशी उभी, वेण्या मुठीत. मॅडम खुर्चीवर, कात्री मांडीवर. "मॅडम, हिचं शेवटी करू," असं म्हणून मी फणी इतकी हळू फिरवायला लागले, की पुढची वैतागली, "बे, लवकर कर ना, पाणी संपून जाईन!"

मॅडम उठल्याच. तेवढ्यात फाटकातून तिची आई आली, पिशवी सावरत, धापा टाकत. पोरीकडे पाहून तिनं कपाळाला हात लावला. "अवं माय! हे काय करून ठेवलं डोक्शाचं?"

"तूच घातल्या होत्या," पोरगी म्हणाली.

आई पायरीवर बसली, पोरीला पुढ्यात ओढलं आणि रिबिनी सोडल्या. पोरगी इतकी मुकाट बसली, की मॅडम कात्री पदराआड करून आत गेल्या.

विंचरून, तेल लावून नव्या वेण्या झाल्या. मग त्या बाईची नजर माझ्याकडे वळली. "तुह्या मांगं कोणीच नाही वं?"

"मी गार्ड आहे," मी ऐटीत सांगितलं.

"गार्डाले उवा होत नाहीत का?" म्हणत ती माझ्यामागे येऊन बसली. माझी आई मेहकरच्या पलीकडे. शेतातून तिला दिवाळीशिवाय सवड नसायची. त्या बाईची बोटं केसांत फिरली आणि मला रडू आलं. उगाच खोटं कशाला सांगू? तेव्हा मात्र सांगितलं, की फणी टोचली.

तेवढ्यात पोरगी आईच्या मागे जाऊन बसली. "आता मी तुही वेणी घालतो." घातली. अशी वाकडी, की अख्खी गाडी खिदळली. वर आपली एक लाल रिबीन बांधून दिली.

निघताना मॅडमनी आरसा पुढे केला. "नीट करून घ्या, लोक हसतील."

"हसू द्या," आई म्हणाली. "हे मी सोडत नसतो आता."

पुढच्या शनिवारी फोन लागल्या लागल्या पोरीनं विचारलं, "आई, वेणी सोडली का?"

"नाही वं."

"सोड वं माय, उवा होतीन!" पोरगी मोठ्या बाईसारखी ओरडली. "तू आली का मी दुसरी घालून देतो."