तहानलेल्या कुंड्यांचं वजन

आमच्या डिपार्टमेंटात प्रबंध कमी आणि किस्से जास्त जमतात. माझा प्रबंध सोयाबीनवर. पाणी आणि नत्र कमी-जास्त दिलं तर झाड कसं वाढतं, दाण्यात प्रोटीन किती भरतं, एवढाच विषय. कोलकात्यातल्या एका गच्चीवर साठ कुंड्या, पण किस्से मात्र कुंडीगणिक!

पहिला मान आईचा. लातूरहून तिचा फोन आला, "इथं नजर जाईल तिथवर सोयाबीन, आणि तू तिकडं जाऊन बादल्यांत लावतेस?"

म्हटलं, "आई, काही झाडांना मी मुद्दाम तहानलेलं ठेवते."

आई हळूच म्हणाली, "हे सासरी कुणाला सांगू नकोस!"

*

सोयाबीनच्या मुळांवर गाठी असतात. त्यातले जिवाणू हवेतलं नत्र धरून झाडाला देतात. पण युरिया भरपूर मिळालेली झाडं उपटली, तर मुळांवर गाठीच नाहीत! आमचे गाईड, म्हणजे सर, पोरांसमोर कडाडले, "फ्री का खाना मिला, काम बंद! ये पौधा नहीं, घरजमाई है!"

सगळे हसले. सगळ्यांत जास्त हसले आमचे माळी हरिपददा. मला नंतर कळलं, सर लग्नापासून डमडमला सासऱ्यांच्या घरीच राहतात!

*

एकदा मी एस्प्लनेडला चष्मा आणायला गेले आणि आभाळ भरून आलं. हरिपददांना फोन केला, "कोरड्या कुंड्या झाका!" मी धापा टाकत गच्चीवर पोचले. कुंड्यांवर प्लास्टिक चापूनचोपून बांधलेलं, दादा स्वतः ओलेचिंब, आणि खाली सरांची गाडी उघड्या काचांनी मस्त भिजतेय.

"सर ने बोला था शीशा बंद करो," दादा म्हणाले, "लेकिन दीदी, गाड़ी का तो पीएचडी नहीं है ना!"

*

कोरड्या कुंड्यांना पाणी अगदी मोजून. रोज सकाळी प्रत्येक कुंडीचं वजन करायचं. ते उतरत जायला हवं. ऐन दाणे भरायच्या दिवसांत सहा कुंड्यांचं वजन वाढायला लागलं! पुन्हा पेरायला सवड नव्हती, फेलोशिप मार्चमध्ये संपणार होती. मला अक्षरशः रडू फुटलं.

हरिपददांनी चहा पुढे केला. "कोलकाता का हवा में सबका वजन बढ़ता है, दीदी. आप भी तो कितना पतला आया था!"

*

संशय अर्थात त्यांच्यावरच. मी नळाला कुलूप लावलं, किल्ली गळ्यात अडकवली. तरी वजन वाढतंच! शेवटी सरांपुढे रडगाणं गायलं. सर टेबलावर हात आपटून म्हणाले, "साइन्स में माया-ममता नहीं चलेगा! कोई भी हो, पकड़ो उसको!"

दुसऱ्या दिवशी भर दुपारी, नजरेसमोर राहावेत म्हणून हरिपददांनाच सोबत घेऊन, मी पाण्याच्या टाकीमागे दबा धरून बसले. गच्चीचं दार हळूच उघडलं. बगलेत पाण्याची बाटली, चपला हातात, चवड्यांवर चालत सर आत आले! एका सुकलेल्या झाडापाशी उकिडवे बसले, बाटली तिरकी केली आणि त्याच्या कानाशी लागावं तसं पुटपुटले,

"जल्दी पी लो. मैडम को मत बोलना!"