निळ्या रंगाखालचा तडा

सायकल जवळजवळ तयार झाली होती, तेव्हा मला तो तडा दिसला.

पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याची नळी जिथे फ्रेमच्या मोठ्या पाइपला जोडलेली असते, तिथे मी पॉलिश पेपर मारत होतो. जुना निळा रंग निघाला आणि खाली केसाएवढी काळी रेघ आली. आधी वाटलं, ओरखडा असेल. पुन्हा घासलं. रेघ जाईना.

आमच्या धंद्यात याची एक सोपी तपासणी आहे. संशय असेल तिथे डिझेलचा बोळा फिरवायचा. थोडा वेळ थांबून पाइप कोरडा पुसायचा आणि वरून खडूची पूड लावायची. नुसता ओरखडा असेल तर खडू पांढराच राहतो. तडा असेल तर आत मुरलेलं डिझेल हळूहळू बाहेर येतं आणि खडूवर ओली रेघ उमटते.

रेघ उमटली. पाइपच्या जवळजवळ अर्ध्या गोलाईत.

मी तसाच स्टुलावर बसून राहिलो. कारण ही सायकल ज्या बाईंसाठी होती, त्यांच्या मणक्यात प्लेट होती.

मनीषाबाई वेवजीत राहतात आणि गावाबाहेरच्या एका पाड्यावरच्या शाळेत शिकवतात. मणक्याचं ऑपरेशन झाल्यापासून त्यांची स्कूटर बंद झाली. साध्या सायकलवर वाकून बसायला डॉक्टरांनी मनाई केली. त्यांचे मिस्टर रेल्वेत. त्यांची ड्युटी जुळली तर ते सोडायचे, नाहीतर बाईंना जीपची वाट बघत उभं राहावं लागायचं. उभं राहणं हाच तर त्यांचा मोठा त्रास. घरात बदलीचा अर्ज करायचं चाललं होतं. बाईंना तो करायचा नव्हता.

अशात त्यांना घोलवडच्या एका चिकूवाडीत, खताच्या गोणींमागे, ही सायकल मिळाली. रिकंबंट म्हणतात तिला. आरामखुर्चीत बसावं तसं टेकून बसायचं, पाय पुढे लांब करायचे आणि पायडल पुढच्या चाकाच्याही पुढे. पाठीवर भार येत नाही. बाईंनी फोटो डॉक्टरांना दाखवला. पाठीला पूर्ण टेका असेल आणि नीट शिकून घेणार असाल तर चालवा, असं ते म्हणाले. वाडीवाल्याने अगदी थोडक्यात सायकल दिली आणि बाई ती टेम्पोत घालून माझ्या डहाणूच्या दुकानात घेऊन आल्या.

"दामूभाऊ, ही चालती करून द्या. ऑपरेशनमध्ये हात रिकामा झालाय. नवीन पार्ट कमीत कमी."

मी इतकी वर्षं सायकलींचं काम करतो, पण अशी सायकल फक्त मोबाइलवर बघितली होती. तरी हो म्हणालो. खरं सांगायचं तर मला मोह झाला. हल्ली माझ्याकडे पंक्चर आणि मुलांच्या सायकली एवढंच काम येतं. डोकं लावायला लागेल असं काही कितीतरी दिवसांत आलं नव्हतं.

पुढचा पाइप, ज्याच्यावर पायडल बसतात, तो चालवणाऱ्याच्या पायाच्या लांबीप्रमाणे आतबाहेर सरकला पाहिजे. खाऱ्या हवेने तो गंजून फ्रेममध्येच धरला होता. रोज ऑइल सोडायचो, लाकडी हातोड्याने ठोकायचो, शिव्या द्यायचो. एक दिवस तो स्वतःहून दमल्यासारखा फिरला. चेन साध्या सायकलीच्या अडीचपट. तीन चेन तोडून एक केली. एवढी लांब चेन सीटखालून वळवायला मध्ये एक पुली लागते. जुनीचे दात उडाले होते. आशागडच्या लेथवाल्याने नायलॉनच्या तुकड्यातून नवी काढून दिली आणि आत साधं पंख्याचं बेअरिंग बसवलं. चाकांचा आउट काढला, म्हणजे वाकडी फिरत होती ती आरे आवळून सरळ केली.

सीट सगळ्यात अवघड. नळीच्या चौकटीवर जाळीचं कापड ताणलेलं असतं. ते कुजून गेलं होतं. आमचं घर मच्छीमाराचं. मी सायकलीत शिरलो, बाकी सगळे अजून होडीवर. माझी काकी ओट्यावर जाळं शिवत बसली होती, तिच्यापुढे चौकट ठेवली.

"हे काय? खाट?" काकीने विचारलं.

"सायकलची सीट. वेवजीच्या बाईंसाठी. पाठीचं ऑपरेशन झालंय."

काकीने चौकट गुडघ्यावर घेतली, स्वतःची पाठ तिला टेकवून बघितली. "कमरेपाशी घट्ट विणते. वर सैल. नाहीतर बिचारी आत बुडेल." आणि जाळ्याच्या दोऱ्याने तिने अशी सीट विणून दिली की मी स्वतः दुपारी तिच्यावर आडवा व्हायला लागलो.

रंग द्यायचं ठरलं नव्हतं. बाईच नको म्हणाल्या होत्या, उगाच खर्च. पण माझ्याकडे एका कामातला पिवळा रंग उरला होता. म्हटलं, एवढी छान झालीय, आपल्यातर्फे रंगवून देऊ. त्यासाठी जुना रंग घासायला घेतला आणि तडा निघाला.

नवा रंग वरून मारला असता तर कोणाला दिसलं नसतं. पण एखाद्या खड्ड्यात फ्रेम दुभंगली असती आणि बाई रस्त्यावर पडल्या असत्या. मी लगेच फोन लावला.

"बाई, सायकल मला देता येणार नाही."

"अजून दिवस लागतील का?"

"दिवसांचं नाही. फ्रेमला तडा आहे. सॉरी."

त्या दुसऱ्याच दिवशी मिस्टरांना घेऊन आल्या. मी त्यांच्यासमोर पुन्हा डिझेल आणि खडू करून दाखवलं. मिस्टर म्हणाले, "जाऊ दे मनीषा. अर्ज करून टाकू." वाकता येत नाही म्हणून बाईंनी मला सायकल वर उचलून धरायला लावली आणि त्या रेघेकडे बघत राहिल्या.

"माझ्या मणक्याला प्लेट लावली तशी हिला लावता येत नाही?"

"पाइप पातळ आहे बाई. इथलं वेल्डिंग खिडक्यांच्या ग्रिलचं. मी नाही हात लावणार."

"म्हणजे होत नाही, की तुम्हाला होत नाही?"

शाळेत पोरं या बाईंपुढे कशी सरळ होत असतील ते मला त्या क्षणी कळलं. "मला होत नाही," मी म्हणालो.

"मग ज्याला होतं त्याच्याकडे जाऊ."

त्यांच्या एका जुन्या विद्यार्थिनीच्या वडिलांचं, रमणभाईंचं, तलासरीला हायवेवर ट्रकचं गॅरेज होतं. बाईंनी टेम्पो सांगितला. मिस्टर ड्युटीवर गेले आणि दुकान बंद करून मी बाईंबरोबर निघालो.

रमणभाईंनी तडा बघितला आणि मान हलवली. "बेन, यावर इलेक्ट्रिकचं वेल्डिंग मारलं ने, तर भोक पडेल. गॅसवर पितळेची झाळ द्यावी लागेल. हळू काम आहे."

"द्याल?"

"देईन. पण तुम्ही यावर बसणार, मला भीती वाटते."

"मलाही वाटते," बाई म्हणाल्या. "म्हणून तर तुमच्याकडे आले."

रमणभाईंनी हातातलं काम बाजूला ठेवलं. मी सायकल सोडवून नुसती फ्रेम त्यांच्यापुढे ठेवली. तड्याच्या दोन्ही टोकांना बारीक भोकं पाडली, म्हणजे तो पुढे सरकत नाही. मग मंद गॅस, टाकणखार आणि पितळेची कांडी. पितळ वितळून त्या रेघेत पाण्यासारखं आत ओढलं गेलं. त्यांनी एका पत्र्यातून पानाच्या आकाराच्या दोन पट्ट्या कापल्या आणि सांध्याच्या दोन्ही बाजूंना झाळल्या. फ्रेम आपोआप गार होईपर्यंत कोणाला शिवू दिलं नाही. बाईंना ट्रकची जुनी सीट आणून दिली, चहा दिला.

गार झाल्यावर सायकल जोडली. मी बसायला गेलो तर रमणभाई म्हणाले, "आधी मी. तुझ्यापेक्षा माझं वजन जास्त."

वजन चांगलंच जास्त होतं. मी मागून धरून ढकललं. रमणभाई गॅरेजच्या आवारात खड्ड्यांतून, दगडांवरून मुद्दाम गेले आणि तिसऱ्या वळणावर ऑइल सांडलेल्या मातीत अलगद आडवे झाले. तिथूनच ओरडले, "खुर्ची मस्त आहे!" बाई इतक्या हसल्या की त्यांना पाठ धरावी लागली.

मी डिझेल लावलं, पुसलं, खडू फासला. आम्ही तिघं वाकून, म्हणजे बाई उभ्यानेच, बघत राहिलो. खडू पांढरा राहिला. रमणभाईंचा हात मी बराच वेळ सोडला नाही.

पिवळा रंग मी दिलाच. फक्त सांध्यावर नाही. तिथे साधं वॉर्निश मारलं, म्हणजे काही झालं तर लगेच दिसेल. बाई शाळेच्या मैदानात शिकल्या. सुरुवातीला मिस्टर सीट धरून मागे पळायचे. दर महिन्याला सायकल तपासायला माझ्याकडे आणायची, अशी अट मी घातली. त्यांनी ती पाळली.

परवा आल्या तेव्हा ब्रेकची रबरं पार घासलेली होती. असं घासलेलं रबर बघून मला एवढा आनंद कधी झाला नव्हता. रबरं रोज चालवल्याशिवाय अशी घासत नाहीत. बदलीच्या अर्जाचं मी विचारलं नाही. पाड्यावरच्या चढाला गिअर खालचा लागतो, तेवढा नीट करून द्या, असं बाईच म्हणाल्या.

धंद्यातलं एक सांगतो. काम बिघडलं असेल तर गिऱ्हाइकाला ताबडतोब सांगावं. फार तर ते निघून जातं. आणि नाही गेलं, तर आपल्याला ठाऊक नसलेला कारागीर त्याला ठाऊक असू शकतो.