झोडपणी आता माझ्या घरात

खंडेनवमीची सकाळ. गावच्या वन समितीच्या खोलीत हत्यारं मांडलेली. कोयते, दाताळी, पाठीवर घ्यायचे पाण्याचे पंप, आणि मी बनवलेली झोडपणी. तात्यांची बायको तांब्या घेऊन पुढे आली. आंब्याचा डहाळा बुडवला आणि शिंपडत सुटली. कोयत्यांवर नाही. पंपांवर नाही. फक्त माझ्या झोडपण्यांवर.

तांब्यात गोमूत्र होतं. दारापर्यंत वास आला.

मी दारातच उभी. हातात माझी चामडं टोचायची आरी आणि कापायची रापी, धुतलेल्या फडक्यात गुंडाळून आणलेली. म्हटलं, हत्यारांची पूजा आहे, आपलीही दोन ठेवू कोपऱ्यात.

"मावशी, तेवढं बाहेरच थांबा हं. मांडणी झालीय," तात्या म्हणाले. गोड आवाजात. गोडच बोलतात ते. समितीचे अध्यक्ष, नारळ-सुपारीची बागायत, वर पाहुण्यांसाठी लॉज. तोंडाने मावशी, तांब्यात गोमूत्र.

आता झोडपणं म्हणजे काय ते सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल म्हातारी कपडे धुवायचं धोपाटणं सांगतेय. आमच्या मुरुडच्या बाजूला दिवाळीनंतर डोंगरावरचं गवत वाळतं. मग कुणी बिडी टाकतो, कुणी रानडुक्कर उठवायला काडी लावतो, झाला वणवा सुरू. डोंगरावर पाणी किती वाहून नेणार? म्हणून आग झोडपून विझवायची. पूर्वी लोक हिरवे डहाळे तोडून झोडपायचे. ते तर स्वतःच पेटायचे. मी लांब बांबू घेतला, त्याच्या टोकाला जाड रबराचे पट्टे लावले, रिबीट ठोकली. फॉरेस्टवाले त्याला बीटर म्हणतात. बांबू माझ्या परसातला. रबर खडी क्रशरच्या फेकून दिलेल्या पट्ट्याचं, मीच डोक्यावरून आणलेलं. कुणी सांगितलं नव्हतं. डोंगर जळताना बघवत नव्हता, एवढंच. आम्ही चांभार. कातडं काय, रबर काय, रापी चालवायची ती आम्हीच.

त्या खोलीत आणखी एक यंत्र होतं. पाला उडवायचा ब्लोअर. मुंबईच्या कुठल्या कंपनीने दिलेला. त्याची ओढायची दोरी पहिल्याच उन्हाळ्यात तुटली, ती आजवर कुणी बसवली नाही. तो पाटावर मधोमध, झेंडूचा हार घालून, नवरदेवासारखा. त्याच्यावर गोमूत्राचा एक थेंब नाही. बसून खाणारा पवित्र आणि राबणारं विटाळाचं. वा.

मी काय केलं? काही नाही. पेढा वरून हातात टाकला, तो घेतला. घरी आले. खाल्ला नाही, टाकलाही नाही. डब्यात ठेवला. मुंग्या लागल्या.

लहानपण आठवलं. माझा बाप लोकांच्या वहाणा शिवून पोचवायला जायचा. मी बरोबर. पायरीच्या खाली ठेवायच्या आणि चार पावलं मागे यायचं. मालक पायानेच वहाणा ओढून घ्यायचा. मी विचारलं, बाबा, हाताने का घेत नाहीत? बाप म्हणाला, "घाईत असतील." आयुष्यभर घाईत होते ते लोक.

शाळा मला मिळाली नाही. एसटी स्टँडवर नवऱ्याशेजारी बसून गाड्यांच्या पाट्यांवरून अक्षरं लावली. मुरुड, रेवस, तळा. तेवढ्यावर आज हे लिहितेय.

त्या खंडेनवमीनंतर शिमग्याच्या आसपास भर दुपारी वणवा पेटला. वारा उलटा फिरला आणि आग आदिवासी वाडीच्या दिशेने उतरायला लागली. खाली गवताने शाकारलेली घरं. मी झोडपण्यांचा भारा, हातोडी, रिबीट घेऊन चढले. जळून गेलेल्या बाजूला, जिथे आग परत येत नाही, तिथे बसले. ज्याचा पट्टा सुटेल तो धावत यायचा, मी ठोकून द्यायची. तात्याही आले. खोटं नाही बोलणार, माणूस भित्रा नाही. चेहरा काळाठिक्कर. त्यांचा बांबू तडकला. मी दुसरं पुढे केलं, त्यांनी माझ्या हातातून ओढून घेतलं. हाताला हात लागला.

"पाणी दे गं मावशी, पाणी!"

माझी बाटली. तोंड लावून प्याले. अर्धी रिकामी केली आणि परत आगीत गेले.

वाडी वाचली. सगळे राखेत बसलो होतो. मला वाटलं, गवताबरोबर तो विटाळही जळाला. किती भाबडी असते बाई.

पुढची खंडेनवमी आली. मी परत फडक्यात आरी-रापी घेऊन गेले. परत तोच पाट. ब्लोअरला परत हार, दोरी तशीच तुटलेली. आणि तात्यांच्या बायकोच्या, वहिनींच्या, हातात तांब्या.

मी तात्यांकडे बघितलं. त्यांनी खाली बघितलं.

"रीत असते, मावशी. मनावर घेऊ नका."

मनावर घेऊ नका. मग कुठे घेऊ?

वणव्यात माझा हात चालतो. आरतीत चालत नाही. एवढं साधं. आणि एवढं कळायला मला म्हातारी व्हावं लागलं.

मी आत गेले. त्या खोलीत पहिल्यांदा. मी शिवू नये म्हणून वहिनी भिंतीला चिकटल्या, त्यामुळे वाट आपोआप मोकळी झाली. मी झोडपणी उचलायला लागले. फुलं खाली पडली. मागून कुणीतरी ओरडलं, "अहो, समितीच्या वस्तू आहेत त्या!"

मी म्हटलं, "बांबू माझा, रबर माझं, हात माझे. हार तुमचे, ते ठेवा. वणव्याला लागतील तेव्हा घरी या."

नळावर नेऊन सगळी धुतली. माझ्या हाताचा विटाळ नव्हता धुवायचा. त्यांचं गोमूत्र धुवायचं होतं. मग घरात टांगली. ओटीवर नाही. आत, चुलीच्या भिंतीला.

गाव म्हणालं, म्हातारी चळली. गावाचं सोडा. माझा सख्खा भाऊ आला. "आक्का, कशाला वैर घेतेस? तुझं न्हाय, आमचं तरी बघ. चपला कोण देईल शिवायला?" याचा राग जास्त येतो. त्यांच्या तांब्यापेक्षा आपल्यांच्या भीतीचा. आणि हो, स्टँडवरची गिऱ्हाइकं कमी झालीत. झालीत तर झालीत.

वाडीची माणसं येतात. आत बसतात, चहा पितात, पट्टे ओढून बघतात, परत टांगतात.

दिवाळीनंतर तात्या आले. अंगणात उभे. "मावशी, चार झोडपणी बाहेर काढून द्या. फॉरेस्टचे साहेब बघायला येणार आहेत."

"आत या. भिंतीवर आहेत. काढून देते."

"इथंच द्या ना."

"आत या तात्या. चहा ठेवते."

त्यांनी उंबऱ्याकडे बघितलं. मग घड्याळाकडे. घाईत होते. गेले.

आता गवत पिवळं पडलंय. आग लागली तर वाडीची माणसं झोडपणी घेऊन धावतील, मीही हातोडी घेऊन मागे चढेन. डोंगराशी माझं वैर नाही. तिथे वर तात्यांचा बांबू मोडला तर दुसरं झोडपणं पुढे करेन, पाणीही देईन. पण झोडपणी त्या खोलीत परत जाणार नाहीत. समितीला हवी असतील तर तात्यांनी उंबरा ओलांडायचा, चुलीपर्यंत यायचं, आणि माझ्या हातातून घ्यायची.

दार दिवसभर उघडंच असतं. बाहेर आणून देणार नाही.