मंडईतलं नाटक, यंदा खुर्चीत बसून

यंदा ठरवलंच होतं. नाटक पाहायचं, आणि पडदा उघडल्यापासून पडेपर्यंत पाहायचं.

तसे मी माझे लाड पुरवते. चंद्रपुरात नवा सिनेमा लागला की मैत्रिणींना गोळा करते, महिन्यातून एकदा सावजी जेवण ठरलेलं. पण आमच्या पूर्व विदर्भातल्या ज्या झाडीपट्टीच्या नाटकांपायी लोक थंडीत रात्र-रात्र जागतात, त्यातलं एकही मी धड पाहिलेलं नव्हतं. माझं सासर सिंदेवाहीकडचं. दिवाळी झाली की तिकडे गावोगाव मंडई भरते, म्हणजे दिवसा जत्रा आणि रात्री नाटक. घर पाहुण्यांनी भरून जातं, आणि मी अन् माझी जाऊ सुनीता चुलीपाशी. नाटक आम्हाला भोंग्यातून ऐकू येतं, तेही भांड्यांचा आवाज थांबला तर.

"गावची मंडई सोडून दुसरीकडं काऊन जातेस?" नवऱ्याने विचारलं.

"तिथी मी सून नाई," मी म्हटलं आणि पिशवीत चादर कोंबली.

आरमोरीकडच्या एका गावची मंडई गाठायची म्हणून चंद्रपूरहून दुपारची एसटी पकडली. बायकांना अर्धं तिकीट असल्यामुळे प्रवास स्वस्तात पडतो. लोहारा मागे पडलं की मूलपर्यंत जंगलच जंगल, आणि खिडकीची काच काही केल्या लागत नाही, तेव्हा कानाला रुमाल हवाच. सावलीच्या पुढे वैनगंगेचा पूल ओलांडला की आलं गडचिरोली. तिथे स्टँडबाहेर तर्री पोहे खाल्ले. तर्री इतकी जहाल की डोळ्यांतून पाणी आलं, आणि तरी मी अजून एक वाटी मागितली. मग आरमोरीची गाडी, आणि फाट्यावरून ऑटो. धान कापून झालं होतं, बांध्यांमध्ये भारे पडलेले होते.

मंडईत शिरले तेव्हा ऊन कलत होतं. आकाशपाळणा, बांगड्या, गरम भजी. आधी तिकीट काढलं, पुढच्या रांगेतली खुर्ची. टेबलामागे बसलेल्या म्हाताऱ्या भाऊंनी तिकीट फाडता फाडता विचारलं, "कोणाच्या घरी आल्या बाई?"

"कोणाच्याच नाई. नाटक पाहाले आली."

त्यांचा हात थांबला. मंडईला येऊन कुणाच्याच घरी न उतरणं म्हणजे गावाचा अपमानच. "असं कसं जी? लोकं का म्हणतीन आमच्या गावाले? चला माह्या घरी." मी नको-नको म्हणत राहिले, पण टेबल दुसऱ्याच्या हवाली करून ते मला घरी घेऊनच गेले.

घर पाहताक्षणी मला हसू आलं, आणि रागही आला. ओसरीभर पाहुणे, आत धूर, आणि धुरात त्यांची सून वंदना. मटणाचा रस्सा झाला होता, वडे तळणं चालू होतं. माझे हात आपोआप परातीकडे गेले आणि मी ते मागे घेतले. आज नाही म्हणजे नाही. पाहुणीसारखी पाटावर बसले, पोटभर जेवले. वंदना वाढत होती. तिला विचारलं, "नाटकाले येतेस ना?"

"पाहुणे सरले का येतो," ती म्हणाली. हे वाक्य मीही दरवर्षी म्हणत आलेय. पाहुणे सरत नसतात.

मंडपात मात्र मजा आली! घंटा झाली, पेटी-तबला सुरू झाला, पडदा वर गेला आणि माझ्या अंगावर काटा आला. दोघा भावांची गोष्ट. धाकट्यावर चोरीचा आळ येतो, थोरला त्याला घराबाहेर काढतो. विनोदी नट असा काही पडला की बाजूच्या आजीची चादर माझ्या डोक्यावर आली. पहिला अंक संपला. दुसरा लागायला थोडाच वेळ होता. मी खुर्चीतच बसून राहायचं ठरवलं होतं, पण बसवेना. स्वतःवर चिडत उठले आणि पिशवी आजींच्या हवाली करून तरातरा त्या घरी गेले.

वंदना अजून चुलीपाशीच. ब्रह्मपुरीकडून आणखी चौघे आले होते.

"भात हाये, रस्सा हाये. ते घेतीन वाढून," मी म्हटलं. "तू चाल."

तिची सासू दारातच उभी होती. "अवो बाई, पाहुणे का म्हणतीन?"

"मीबी पाहुणीच हावो ना? मले एकटीले करमून नाई राह्यलं. मले सोबत पाह्यजे."

 मंडईला आलेल्या पाहुण्याला नाही म्हणायचं नसतं, हे म्हातारीइतकं कुणाला ठाऊक असणार? तिने ब्रह्मपुरीच्या पाहुण्यांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि वंदनाच्या हातातला झारा काढून घेतला. "जाय. पाहुनीले एकटं सोडू नोको."

दुसऱ्या अंकाची सुरुवात माझी हुकलीच. चोरी कोणी केली हे आजींना विचारून घ्यावं लागलं. वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. पण वंदना पीठ लागल्या हातांनीच टाळ्या वाजवत होती. धाकटा भाऊ परत आला तेव्हा ती रडली, मीही रडले, आणि आजी आम्हा दोघींना हसल्या. पडदा पडेपर्यंत आम्ही जागच्या हललो नाही.

तुम्हाला जायचं असेल तर दिवाळीनंतर हिवाळाभर कुठे ना कुठे नाटक असतंच. जाड चादर न्या, तिकीट आधी काढा, परतीची गाडी पहाटेची धरा. मुक्कामाची चिंता करू नका, ती गाव करतं. फक्त ज्या घरी जेवाल तिथल्या चुलीपाशी कोण बसलंय ते बघा आणि निघताना तिलाही हाताला धरून आणा.

घरी येऊन दोन तास झोपले आणि सुनीताला फोन लावला. सांगितलं, आता येणाऱ्या आपल्या मंडईला पाहुण्यांचं जेवण संध्याकाळीच उरकायचं. उशिरा येतील ते हाताने वाढून घेतील. नवऱ्याला मी सांगेन, भाऊजींना तू सांग. आपल्या दोघींची तिकिटं मी काढते.

 मला वाटलं, घाबरेल.

ती हळूच म्हणाली, "बाई, आपल्या मंडपात बायकाइले कोणत्या बाजूनं बसवते जी?"